तोंड पाहून गळ

माझे वडील गळ टाकून मासे धरतात, ही गोष्ट मी शाळेत कित्येक वर्षे लपवून ठेवली होती. मास्तराने मुलांना पुस्तकांची गोडी लावावी आणि त्याच मास्तराचे वडील रविवारी सकाळी डोक्याला पंचा गुंडाळून होळकर पुलाखाली खडकावर बसलेले मुलांनी पाहावे, हे मला काही रुचत नसे. आता लपवण्यासारखे उरलेले नाही. अण्णा नदीवर जातच नाहीत. त्यांचे सामान एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात, देवघराखालच्या फडताळात पडून असते. आई दर दिवाळीला साफसफाई करताना तो डबा बाहेर काढते, "हे टाकू का?" म्हणून विचारते आणि अण्णांचे उत्तर येण्यापूर्वीच पुन्हा आत ठेवते.

हा डबा गेल्या जानेवारीत उघडला गेला, आणि तोही कॅनडातल्या एका माशामुळे.

त्याचे असे झाले. एका रात्री माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. जिकडे तिकडे पांढरे बर्फ, त्यात एक वाटोळे भोक, भोकाशेजारी उलट्या बादलीवर बसलेला, नखशिखांत कपड्यांत गुंडाळलेला एक तरुण. खाली मजकूर होता : "सर, ओळखलंत का? टोरांटोच्या उत्तरेला सिमको म्हणून तळं आहे. हिवाळ्यात गोठतं. आम्ही त्याच्यावर चालत जातो, गिरमिटानं भोक पाडतो आणि गळ सोडतो. व्हाइटफिश नावाचा मासा आहे. तीन रविवार गेले. दोऱ्याला झटका लागतो, मी ओढतो, आणि गळ रिकामा वर येतो. दुकानदारानं महागातलं सामान दिलंय. अण्णांना विचारून सांगाल का?"

ओळखले तर होतेच. न ओळखून कसे चालेल? हा मुलगा आठवीत माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. म्हणजे बसायला हवा होता. प्रत्यक्षात तो आठवड्यातून दोन दिवस पुलाखाली असे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर अण्णांना रविवार पुरेनासा झाला होता, आणि हा पोरगा त्यांच्या शेजारी बसून गांडुळे निवडून देई. मला हे कळले तेव्हा मी त्याला वर्गासमोर उभे केले, जे बोलायचे ते बोललो, आणि प्रगतिपुस्तकावर लिहिले, "या मुलाकडून काहीही अपेक्षा नाही." अक्षर माझे चांगले आहे. ते वाक्य त्याच्या आईने शेजारणीकडून वाचून घेतले. त्यानंतर तो नदीवरही दिसेना आणि शाळेतही फारसा दिसेना. पुढे औंधच्या आय.टी.आय.त तो वीजतंत्री झाला आणि परदेशी गेला, हे मला उडत उडत कळले होते.

आणि आता तोच मुलगा मला "सर" म्हणून हाक मारत होता. पण प्रश्न मात्र मला नव्हता.

सकाळी मी फोटो अण्णांना दाखवला. त्यांचे वय आता शहात्तर. हाताला थोडा कंप आहे. त्यांनी चष्मा पुसला आणि बर्फाकडे, तळ्याकडे, पोराकडे न बघता विचारले, "मासा कुठाय?" मी मजकुराबरोबर आलेला दुसरा फोटो काढला. शेजारच्या कुणीतरी पकडलेला मासा होता तो, चंदेरी, लांबट, बर्फावर ठेवलेला. "तोंड मोठं कर," अण्णा म्हणाले. मी दोन बोटांनी फोटो ताणला. थोबाडाच्या खालच्या बाजूला, आत ओढून घेतल्यासारखे, एवढेसे तोंड.

"हा तळाशी खाणारा," अण्णा म्हणाले. "आपल्या मृगळासारखा. आणि पोरानं गळ लावला असेल मरळीचा."

वाचकहो, माझ्या वडिलांनी आयुष्यात बर्फ पाहिले ते फक्त उसाच्या रसात. पण त्यांची सगळी विद्या या एका सूत्रात मावते : आधी माशाचे तोंड पाहा, मग डबा उघडा. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. त्याला आमिष वर लोंबते ठेवावे. रोहू मधल्या पाण्यातला. मृगळाचे तोंड खाली, तो तळाचा गाळ चाखत हिंडतो. त्याला आमिष तळाला टेकलेले हवे. मरळ शेवाळात दडते, हवा घ्यायला वर येते, दातांची असते. तिला जाड दोरा, मोठा गळ आणि बेडूक. शिंगाळा रात्रीचा, मिशांनी चाचपत येणारा. त्याला गांडुळांचा झुबका. सामान माशाने निवडायचे असते, दुकानदाराने नव्हे.

त्या दिवशी पुष्कळ वर्षांनी डबा उघडला. आत निरनिराळ्या आकारांचे गळ बुचात टोचून ठेवलेले, शिशाच्या गोळ्या, तंगुसाच्या गुंडाळ्या, मोरपिसाच्या देठाचे तरंगते काडे. सर्वांत खाली कागदात गुंडाळलेला एक जाड तारेचा, करंगळीएवढा गळ. "हा महाशीरचा," अण्णा म्हणाले. "त्याच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात. साधा गळ चिरडून टाकतो." तो गळ त्यांना त्यांच्या वडिलांकडून मिळाला होता. त्यांनी स्वतः तो पाण्यात कधीच टाकला नाही. टाकावा असा मासाच मुळेत उरला नव्हता.

हे ऐकून मला एक जुनी गोष्ट आठवली. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी आमच्या खडकीत पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांत साइक्स नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे तो दख्खनभर माहिती गोळा करीत फिरला, आणि पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सापडलेल्या महाशीरचे शास्त्रीय वर्णन त्याने १८३९ साली प्रसिद्ध केले. येथल्या लोकांच्या तोंडची नावेच तो माशांना देई. या माशाला त्याने दिलेले ‘खुद्री’ हे नाव अजून जगभरच्या शास्त्रग्रंथांत चालते. म्हणजे आमच्या नदीचा शब्द ग्रंथांत सुखरूप आहे. मासा मात्र येथून गेला. टाटांनी लोणावळ्याला वळवणच्या धरणाजवळ त्याची पिल्ले वाढवून ती ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडली, म्हणून तो अन्यत्र तरी टिकून आहे. खडकीला दापोडीच्या बाजूने पवना येऊन मिळते, दोन्ही नद्या दोन्ही शहरांचे सांडपाणी घेऊन येतात, आणि उन्हाळ्यात पुलावरून पाहिले तर पाणी दिसतच नाही, नुसती जलपर्णी हिरवीगार. अण्णांना अखेरच्या वर्षांत चिलापी तेवढी मिळे, तीही ते परत सोडून देत. एके दिवशी गळाला मासा लागला तो मेलेलाच. त्यानंतर डबा बंद झाला.

आता मात्र त्यांनी मला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. मी मास्तर, आणि जन्मात प्रथमच त्यांनी सांगितलेले उतरवून घेत होतो.

"लिही. दोरा बारीक. थंडीचं पाणी काचेसारखं असतं, जाड दोरा माशाला दिसतो. गळ लहान, मुगाएवढं आमिष बसेल इतकाच. शिसं तळाला टेकू दे. मग वीतभर उचलायचं आणि सोडायचं, तळाला टिचकी मारल्यासारखं. गाळ उडतो. तळाशी खाणाऱ्याला वाटतं, कुणीतरी चरतंय, आणि तो बघायला येतो. थांबून राहायचं. थंडीत मासा सुस्त असतो, झटका मारत नाही, नुसता ओठ लावतो. तेव्हा ओढायचं नाही. मनगट उचलायचं, बस्स."

"ओढलं तर?"

"तोंड मऊ असतं रे. फाटतं. मासा जातो तो जातो, आणि जखम घेऊन जातो."

मी लिहिता लिहिता थांबलो. अण्णा गळांकडे बघत होते. थोड्या वेळाने त्याच आवाजात म्हणाले, "त्या पोराला तू जोरात ओढलंस."

पंधरा-सतरा वर्षे ही गोष्ट त्यांच्या मनात होती आणि घरात एकदाही उच्चारली गेली नव्हती. मी काय बोलणार? माझ्या कादंबऱ्यांतली माणसे अशा प्रसंगी पानभर बोलतात. मी पेन्सिलीला टोक काढू लागलो. चाळीस मुलांच्या वर्गात मी वीस वर्षे एकच गळ टाकत आलो आहे, एकाच मापाचा, एकाच खोलीवर. ज्यांची तोंडे त्या मापाची होती त्यांना मी हुशार म्हटले.

राहिला प्रश्न ओठ लावल्याचे कळायचे कसे, याचा. भोकात तरंगता काडा ठेवावा तर पाणी पुन्हा गोठून तो अडकणार. अण्णा उठले, अंगणात गेले, आणि आईच्या खराट्यातले नारळाचे चार हीर उपसून घेऊन आले. त्यांतला एक त्यांनी तासून तासून केसासारखा बारीक केला आणि काठीच्या टोकाला बांधून दाखवला. दोरा त्याच्या शेंड्यावरून न्यायचा. मी दोऱ्याला नुसते बोट लावले तरी हीर वाकला. थंडीच्या दिवसांत मृगळासाठी ते हेच करीत, असे म्हणाले. हीर तासताना त्यांच्या हाताला कंप नव्हता.

त्या मुलाची आई सुनेच्या बाळंतपणासाठी फेब्रुवारीत तिकडे जाणार होती. सात लहान गळ, चार हीर आणि माझ्या चांगल्या अक्षरातला कागद घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने मला बसायला खुर्ची दिली, चहा केला. प्रगतिपुस्तकाचा विषय तिने काढला नाही. मग मीच काढला. "ते मी चुकीचं लिहिलं होतं," एवढेच म्हणता आले. ती म्हणाली, "सर, त्यानं ते अजून जपून ठेवलंय." का, हे तिनेही सांगितले नाही आणि विचारायचा मलाही धीर झाला नाही. कागदाच्या खाली थोडी जागा होती. तिथे बसूनच मी दोन ओळी लिहिल्या. त्या येथे छापण्यासारख्या नाहीत.

मार्चच्या सुरुवातीला उत्तर आले. पहिला हीर गारठ्याने मोडला. दुसरा टिकला. तासभर काहीच झाले नाही, मग शेंडा हळूच, गहू-दोन गहू, खाली वाकला. त्याने मनगट उचलले. फोटोत तोच चंदेरी मासा होता, आणि धरणाऱ्याचे तोंड टोपीत झाकलेले असले तरी डोळे हसत होते. शेवटी लिहिले होते, "सर, तुमच्या दोन ओळी वाचल्या. ते जुनं पुस्तक आता ठेवायची गरज नाही."

मी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. अण्णांनी एकच विचारले, "तोंड फाटलं का माशाचं?"

मी फोटो ताणून पाहिला. गळ ओठाच्या कडेला, जिथे असायला हवा तिथे, अलगद लागला होता.

"नाही," मी म्हणालो.

आता दिवाळी आली आहे. काल आईने लक्ष्मीपूजनासाठी नवी केरसुणी आणली आणि तिच्याबरोबर दोन खराटे. दोन कशाला, असे मी विचारले. "एक अंगणाला," आई म्हणाली, "आणि एक कॅनडाला." अण्णा ओसरीवर बसून त्यांतला बरा हीर निवडत होते. डबा त्यांच्या शेजारी उघडाच होता. यंदा आईने तो टाकू का म्हणून विचारले नाही.