पुलाच्या अलीकडे

आज पुन्हा कंटेनरच्या रांगेत पाऊण तास. शेजारी सायलेंट मोडवर बसलेल्या बायकोने शेवटी विचारलं, "अहो, तुमचा तो वीस मिनिटांचा पूल कुठंय?"

पूल समोरच होता. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू सुरू झाला तेव्हा आम्ही उरणकर हरखलो होतो. जवळपास 22 किलोमीटर लांबी, त्यातले साडेसोळा समुद्रावर. न्हावा-शेव्याहून थेट शिवडी! कारला एका फेरीचे 250 रुपये. जाऊन-येऊन 375. अडीअडचणीला, दवाखान्याला ठीक आहे. रोज नोकरीला जाणाऱ्याने महिन्याचा हिशेब मांडूच नये. दुचाकीला तर प्रवेशच नाही, आणि आमच्या गावात घरटी दुचाकी.

गंमत म्हणजे पुलावर कोंडी नसतेच. ती असते अलीकडे, बंदराच्या रस्त्यावर, आणि पलीकडे शिवडीत उतरल्यावर. समुद्र वीस मिनिटांत ओलांडायचा आणि मग सिग्नलला समुद्राची आठवण काढत बसायचं. टोल कशाचा भरला, वेगाचा की आशेचा?

वडील आयुष्यभर मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला गेले. ओहोटीला गाळामुळे लाँच अडायची, तेव्हा भरतीची वाट बघत डबा तिथेच उघडायचे. भरतीची वेळ निदान पंचांगात मिळायची.

सोमवारी मी लोकलने जाणार आहे. उरणची लोकलही सेतूच्याच दिवशी सुरू झाली होती. तिच्याबद्दल मात्र कोणी फारसं बोललं नाही.