कोण गातंय ते सांगा

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रजचा बोगदा संपतो आणि पुण्याची खासगी एफएम स्टेशनं एकेक करून खरखरायला लागतात. एफएमच्या लहरी सरळ जातात, मधे डोंगर आला की अडल्या. मध्यम लहरी जमिनीलगत पसरतात, त्यांना डोंगराचं एवढं वावडं नाही. म्हणून याच वाटेवरच्या आमच्या किकवीत रेडिओ घ्यायचा तर मीडियम वेव्हचा पट्टा आहे ना, हे आधी बघून घ्या. आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. संच खिडकीत ठेवायचा, मोबाइलचा चार्जर आणि एलईडी बल्ब त्याच्यापासून लांब, आणि आवाज उघडेपर्यंत संचच थोडा थोडा फिरवायचा. काडी वर ओढून उपयोग नाही, ती एफएमची. मीडियम वेव्हची अँटेना आत असते, फेराइटच्या दांड्यावर गुंडाळलेली.

*

‘लोकसंगीताचं चांगलं काय लागतं?’ असं कुणी विचारलं की मी कार्यक्रमाचं नाव सांगत नाही. नावं आणि वेळा बदलतात. मी कसोटी सांगतो. निवेदकानं गाणाऱ्याचं नाव सांगितलं का? गाव सांगितलं का? संबळ कोण वाजवतंय, तुणतुणं कोणाच्या हातात आहे, ते सांगितलं का? आणि गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं का? चारांतलं एकही नसेल तर बटण फिरवा.

आकाशवाणीच्या जुन्या निवेदकांना ही शिस्त होती. कलाकार चाचणी देऊन, श्रेणी मिळवून आलेला असायचा. त्याचं नाव घेणं हा उपकार नव्हता, कामाचाच भाग होता. खासगी एफएमवर ‘पुढचं धमाल गाणं’ एवढीच ओळख.

*

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. १९५५चं गीतरामायण सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढच्याच वर्षी याच केंद्रानं केलेला दुसरा प्रयोग फारसा कुणी सांगत नाही. युनेस्कोच्या मदतीनं पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं केली होती. मूळ कल्पना कॅनडातली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम गावानं एकत्र बसून ऐकायचा, त्यावर बोलायचं, प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याची पाहणी केली. व्यंकटेश माडगूळकरही त्याच सुमारास केंद्राच्या ग्रामीण विभागात दाखल झाले आणि पुढे बरीच वर्षं तिथं रमले.

विषय होते शेतीचे, गावच्या सुधारणेचे. हेच गाण्याच्या बाबतीत केलं असतं तर? एखादं जागरणाचं पद वाजावं आणि चौथ्या दिवशी वेल्ह्यातून पत्र यावं: आमच्याकडं हे असं म्हणत नाहीत, चाल वेगळी आहे, या आणि ध्वनिमुद्रण करून न्या.

*

टीव्हीचं बोलायचं तर सिंहगडावरचा मनोरा १९७३पासून उभा आहे, म्हणजे या भागाला चित्र दिसायला लागून पन्नास वर्षं उलटली. १९९० ते २००१ या काळातली ‘सुरभि’ ही मालिका मिळेल तिथं बघावी. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे आधी माणूस दाखवायचे, मग त्याची कला. आताच्या स्टेजवर आधी दिवे, मग धूर, मग परीक्षकांचे अश्रू. ‘ढोलकीच्या तालावर’ या लावणीच्या कार्यक्रमातल्या मुली नाचायच्या झकास, त्याबद्दल तक्रार नाही. पण बैठकीची लावणी म्हणजे यमुनाबाई वाईकर. बसल्या जागी, डोळ्यांत आणि बोटांत सगळं. एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी निराळी अदा. कॅमेरा जवळ नेला तर याच्याइतकं टीव्हीला सोयीचं दुसरं काही नाही, आणि नेमकं हेच टीव्हीनं सर्वांत कमी दाखवलं. त्यांची वाई किकवीपासून एक खंबाटकी घाट ओलांडला की आलीच.

*

रेडिओ नाही, टीव्ही नाही, तरी माझी पहिली शिफारस ‘पारी’ या संकेतस्थळावरच्या जात्यावरच्या ओव्यांची. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी मुळशीपासून सुरुवात केली. गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर त्या ओव्या जमत गेल्या, आणि पाहता पाहता हजारावर गावांतल्या लाखावर ओव्या झाल्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली. प्रत्येक ध्वनिफितीशी बाईचं नाव आणि गाव आहे. एकीनं ओळ उचलायची, दुसरीनं मागून धरायची. सीता, विठ्ठल, भाऊ आणि सासर, सगळे एकाच दमात. आपल्या भागातलं काही हवं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या मावळपट्ट्यातली गावं शोधा.

*

जगाचं संगीत. फोन असेल तर दोन ठिकाणं. ‘आफ्रोपॉप वर्ल्डवाइड’, अमेरिकेतल्या सार्वजनिक रेडिओवर १९८८पासून चालू, निवेदक मूळचे कॅमेरूनचे जॉर्ज कॉलिने. इंग्रजी हळूहळू कळायला लागतं. आणि ‘रेडिओ गार्डन’: पृथ्वीचा गोल बोटानं फिरवायचा, ठिपका दाबायचा, तिथलं स्टेशन लागतं. मालीतलं बामाको दाबा. मालीचा कोरा हे वाद्य म्हणजे अर्ध्या भोपळ्यावर ताणलेलं कातडं आणि एकवीस तारा. वाजवणारे पिढीजात, राजांच्या वंशावळी गाणारे. तुमानी जाबाते त्यांतले थोर, २०२४मध्ये गेले. त्यांनी अली फार्का तुरे यांच्याबरोबर केलेलं ‘इन द हार्ट ऑफ द मून’ एखाद्या गोंधळ्याला ऐकवून बघायला हवं. माझी खात्री आहे, तो आधी तारा मोजेल आणि मग बिदागी विचारेल.

*

म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ एफएम. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आहे. दोन्ही इथं लागत नाहीत, लागायचं कारणही नाही. सामुदायिक रेडिओ शंभर वॅटचा, दहा-पंधरा किलोमीटरचा. पण किकवी, नसरापूर, कापूरहोळ आणि आजूबाजूच्या वाड्यांना तेवढं पुरे. २००६पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळतो, आणि निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनीच केलेले असावेत असा नियम आहे. इथं ती अट जड जाणार नाही. भजनी मंडळं आहेत, धनगरांची गजी आहे, जागरण-गोंधळ आहे, मांढरदेवच्या काळूबाईची गाणी आहेत. भलरीसाठी मात्र यंत्र घेऊन बांधावर जावं लागेल. कामाच्या दिवसांत स्टुडिओत यायला कुणी मोकळं नसतं.