बँड परत येतो तेव्हा

नोएडात डिसेंबर लागला की दारंखिडक्या बंद होतात आणि घरातला आवाज घरातच घुमत राहतो. गेल्या हिवाळ्यात माझी कॉलेजातली लेक एकच अल्बम दिवसभर लावायची. एकदा पोळ्या लाटताना मी वैतागून ओरडलेच, "अगं, काय हा धांगडधिंगा?"

"आई, पंक रॉक आहे हे. ब्लिंक-१८२. किती वर्षांनी तिघं परत एकत्र आलेत!"

पोळ्या होईपर्यंत तिनं मला सगळी कथा सांगितली. अमेरिकेतला हा बँड. टॉम डिलाँग २०१५ मध्ये त्यातून वेगळा झाला. २०२१ मध्ये मार्क हॉपसला कर्करोग झाल्याचं कळलं आणि जुन्या दोस्तांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. मार्क बरा झाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तिघांचा 'वन मोअर टाइम' हा अल्बम आला. त्याचं शीर्षकगीत याच खंतीवर आहे, की जवळ यायला इतकं मोठं संकट यावं लागलं.

"आमच्याकडेही होता असा एक बँड," मी म्हटलं. तिचा विश्वास बसेना.

तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, रॉक मशीन. १९८४ मध्ये मुंबईत सुरू झालेला. उदय बेनेगल गायचा, महेश तिनईकर गिटार वाजवायचा. परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळायच्या, त्या काळात यांनी स्वतःची इंग्रजी गाणी लिहिली. १९८८ मध्ये त्यांची पहिली कॅसेट आली आणि माझ्या दादानं खाऊचे पैसे साठवून ती डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत आणली. भांडण नको म्हणून आम्ही कव्हरच्या आतल्या बाजूला दोघांची नावं लिहिली. टेप गुंतली की पेन्सिल घालून दादाच ती गुंडाळायचा. आणि बाबा म्हणायचे, "काय हा धांगडधिंगा?"

होय, तेच शब्द. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली.

१९९३ मध्ये बँडनं नाव बदलून इंडस क्रीड केलं. १९९५ मध्ये त्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये सगळे पांगले. मीही लग्न होऊन इकडे आले. पुढे २०१० मध्ये ते पुन्हा जमले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. मधे सतरा वर्षं गेली होती.

बातमी वाचली तेव्हा पहिला विचार आला, दादाला फोन करावा. केला नाही. बाबा गेल्यावर डोंबिवलीच्या घरावरून आमचं वाजलं होतं. कोण बरोबर, कोण चूक हे आता सांगत बसत नाही. आधी त्यानं फोन करावा असं मला वाटत होतं, आणि त्यालाही नेमकं तेच वाटत असणार. तो अल्बम मी ऐकलाच नाही. एकटीनं ऐकायचा धीर झाला नाही.

त्या रात्री तो मी लेकीबरोबर ऐकला. पांघरूण गुडघ्यांवर घेऊन, मधे फोन ठेवून. जुनी गाणी पुन्हा वाजवली असती तरी आमच्या पिढीनं डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांनी नवी गाणी केली होती. ड्रम्सवर जय राव कवी, बासवर रुशाद मिस्त्री अशी नवी माणसं होती. उदयचा आवाज ओळखीचा होता, पण विशीतला असल्याचा आव त्यात नव्हता. मला तेच आवडलं. परत येणं म्हणजे जिथे तुटलं तिथेच जाऊन उभं राहणं नाही, हे मला त्या तासाभरात कळलं.

"मामाला अजून आवडतात का गं ही गाणी?" लेकीनं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. ज्या भावानं मला गाणी ऐकायला शिकवली, तो आता काय ऐकतो हे मला माहीत नव्हतं.

रात्री अकराला मी त्याला त्यातल्या एका गाण्याची लिंक पाठवली. सोबत एक अक्षरही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या, उत्तर मात्र नाही. दुसरा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मेट्रोत उभी असताना फोन थरथरला.

"बास कोण वाजवतंय?"

एवढंच. मी गर्दीत एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं नाव टाइप केलं आणि माझं स्टेशन मागे पडलं.

आता रविवारी आमचं बोलणं होतं. घराचा विषय अजून निघालेला नाही. निघेल तेव्हा निघेल, आणि कदाचित पुन्हा थोडं वाजेलही. पण आमच्यात कुणी आजारी पडायची वाट आम्ही पाहिली नाही, याचं मला समाधान आहे.

तुमच्या माळ्यावरही एखादी जुनी कॅसेट पडली असेल. खाली काढा आणि कव्हरच्या आत तुमच्या नावाशेजारी कुणाचं नाव आहे, तेवढं बघा.