सिगारेट सोडायची आहे, मग वेप कोणती घेऊ?



गेली काही वर्षे माझ्या ओपीडीत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणारा बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. रोज आठ-दहा सिगारेटी ओढणारा, खोकल्यासाठी आलेला. तपासून झाल्यावर, चिठ्ठी घेता घेता हळूच म्हणतो, "सर, सिगारेटच्या जागी वेप घ्यावी म्हणतो. कोणती चांगली राहील?" पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मित्राकडे त्याने ती पाहिलेली असते. कुणाची पेनासारखी, कुणाची पेनड्राइव्हसारखी. राख नाही, बोटांना वास नाही, घरी पत्ता लागत नाही.

तुमच्याही मनात हा प्रश्न असेल तर आधी एक सांगतो: प्रश्नात लाजण्यासारखे काही नाही. सोडायचा विचार मनात आला म्हणूनच तो पडला. माझे उत्तर मात्र सरळ आहे. कोणतीच घेऊ नका. पण एवढेच सांगून तुम्हाला उठवले, तर तुम्ही दवाखान्यातून निघून थेट पानठेल्यावर जाल. म्हणून "का नाही" आणि "मग काय" हे दोन्ही आज सविस्तर लिहितो.

मारतो तो धूर, धरून ठेवते ते निकोटीन

सिगारेट किंवा बिडी पेटवली की तंबाखू आणि कागद किंवा तेंदूपान जळते. त्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात आणि त्यातली सुमारे सत्तर कर्करोग निर्माण करणारी आहेत. डांबर फुप्फुसात साचते, कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवते. कर्करोग, हृदयविकार, कायमची धाप यांचे मुख्य कारण हा धूर आहे.

निकोटीनचे काम वेगळे. ते काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, बरे वाटवते आणि तासाभराने पुन्हा मागणी करते. सकाळी डोळे उघडल्याबरोबर हात पाकिटाकडे जातो तो निकोटीनमुळे. ते अगदी निरुपद्रवी नाही. नाडी आणि रक्तदाब वाढवते, गरोदरपणात आणि वाढत्या वयाच्या मुलांना घातक आहे. पण फुप्फुसाचा कर्करोग होतो तो धुराने.

हा फरक नीट समजला की पुढचे सगळे सोपे होते. धूर एका दिवसात बंद करता येतो. निकोटीन हळूहळू कमी करता येते. सोडण्याच्या बहुतेक औषधांची युक्ती हीच आहे.

मग वेप वाईट का?

वेपमध्ये एक बॅटरी, एक तापणारी तार आणि एक द्रव असतो. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाचे पदार्थ आणि निकोटीन यांचा तो द्रव तापून त्याची वाफ होते. तंबाखू जळत नाही. आजच्या पद्धतीची ई-सिगारेट होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास बनवली.

इंग्लंडमधले सरकारी आरोग्य खाते सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना सांगते की सिगारेटपेक्षा वेप बरीच कमी घातक आहे, जमत नसेल तर ती वापरून सिगारेट सोडा. तुमचा लंडनचा चुलतभाऊ हे सांगत असेल तर तो खोटे बोलत नाही. तिथे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वेप घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक वर्षभर सिगारेटपासून दूर राहिले. निकोटीनची गम, पट्टी वगैरे घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते.

पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. वेपवर सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षअखेरीस वेप ओढतच होते. गम-पट्टीवर सोडलेल्यांपैकी फक्त ९ टक्के लोक ती औषधे घेत होते. म्हणजे एक खुंटा सुटला, दावे दुसऱ्या खुंट्याला बांधले गेले.

शिवाय तिथे द्रवातल्या निकोटीनला मर्यादा आहे, एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. उत्पादकाला घटक कळवावे लागतात. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. विक्री किंवा आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा दुबईहून येणाऱ्या भाच्याला "येताना एक घेऊन ये" असे सांगू नका. पोराला विनाकारण अडचणीत टाकाल.

बंदी असूनही माल मिळतो, हे मला माहीत आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तो कुठे कुठे मिळतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. पण चोरून येणाऱ्या मालाचा त्रास असा की आत काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पाकिटावर छापलेला निकोटीनचा आकडा खरा की खोटा, हे तपासणारे कुणी नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होऊन २,८०७ लोक रुग्णालयात गेले किंवा दगावले, त्यात ६८ मृत्यू होते. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेला, अनधिकृत मार्गाने आलेला द्रव ओढला होता आणि त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेले होते. साध्या निकोटीन वेपने ते झाले असे मी म्हणत नाही. बेहिशेबी माल ओढल्यावर काय होऊ शकते, ते त्यातून दिसते.

"कमी घातक"ची जुनी गोष्ट

माझे बाबा रिसोड तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षक होते. सुरुवातीला बिडी ओढायचे. पगार वाढला तशी फिल्टरची सिगारेट आली. "फिल्टर आहे, सगळं त्यात अडकतं," असे ते आईला सांगायचे. पुढे कुणीतरी "लाइट" सिगारेट सुचवली, ती सुरू झाली. फिल्टरला बारीक छिद्रे असली तरी ओढणारा माणूस झुरका जास्त खोल घेतो, छिद्रे बोटांनी झाकली जातात आणि शरीराला लागणारे निकोटीन तो वसूल करतोच. धूरही त्यासोबत आत जातो.

दर वेळी नवी, थोडी बरी म्हणवणारी वस्तू आली की बाबांचे सोडणे पुढे ढकलले गेले. अखेर साठीला सोडली. शेवटची वर्षे अंगणाच्या फाटकापर्यंत गेले तरी परतताना ओट्यावर बसून दम घ्यायचे. खिशात पेनाच्या जागी इन्हेलर असायचा.

ब्रिटनमध्ये डॉक्टरांचाच पन्नास वर्षे मागोवा घेतलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला सरासरी दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. हे आकडे मी बाबांचे वय लावून वाचतो. तुम्ही तुमचे लावून वाचा.

म्हणून "वेप की सिगारेट" यापेक्षा "कोणत्या तारखेपासून धूर बंद" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. दिवसभर वेप आणि चहासोबत एक-दोन सिगारेटी, असे करणारे बरेच जण असतात. त्यांनी एक लक्षात ठेवावे. रोजच्या २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जितका जादा धोका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा धोका रोजच्या एकाच सिगारेटने वाढतो. "कमी केली" याचा हृदयाला फारसा उपयोग नाही. बंदच करावी लागते.

मग काय घ्यायचे?

आनंदाची बातमी अशी की वेप जे काम करते ते करणारी औषधे आपल्याकडे कायदेशीर मिळतात. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे शेकडो अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात, वॅरेनिक्लिन ही गोळी आणि निकोटीन वेप यांचा परिणाम जवळपास सारखाच निघाला. पट्टी आणि गम एकत्र वापरणे त्यांच्या फार मागे नव्हते.

निकोटीनची गम: २ मिलिग्रॅमची गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमची लागू शकते, त्यासाठी डॉक्टरांना भेटा. साध्या च्युइंगगमसारखी चघळत राहू नका. हळू चावा, तिखटसर झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. एक गम साधारण अर्धा तास. तंबाखूची गोळी गालात धरणाऱ्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही! पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढे अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि गम तोंडात असताना चहा-कॉफी नको, निकोटीन नीट शोषले जात नाही. गम लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

निकोटीनची पट्टी: रोज सकाळी दंडावर लावायची. दहापेक्षा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांना सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून १४ आणि ७ वर आणतात. पट्टी दिवसभराची गरज भागवते आणि अचानक तल्लफ आली तर गम.

वॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन: या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. सोडण्याच्या तारखेच्या आधी आठवडाभर तरी सुरू करतात. कधी फिट आली असेल तर बुप्रोपिऑन चालत नाही. मूत्रपिंडाचा त्रास, नुकताच आलेला हार्ट ॲटॅक, गर्भारपण, मानसिक आजार, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

औषधासोबत बोलणे हवे. दोन्ही मिळून यश वाढते. सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा टोल-फ्री क्रमांक छापलेला असतो. ज्या पाकिटाने त्रास दिला त्यावरच मदतीचा नंबर आहे, तो लावा. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती समुपदेशनाची चौकशी करा.

तारीख ठरवताना

येत्या दोन आठवड्यांतला एक दिवस धरा. सोयाबीनची सोंगणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत, घरात लग्न आहे, अशा धामधुमीतला दिवस धरू नका. पण "हंगाम संपला की बघू" असेही नको. सोयाबीन झाले की तूर उभीच असते. त्या दिवशी पाकीट, लायटर, ॲश ट्रे घराबाहेर. चहा पानठेल्याऐवजी घरी. घरच्यांना आणि ज्यांच्यासोबत ओढता त्या मित्रांना आधीच सांगून ठेवा.

पहिला आठवडा कठीण जातो. चिडचिड होते, झोप मोडते, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे उतरते. तल्लफ येते ती काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी प्या, चार पावले चाला, तोंडात लवंग किंवा बडीशेप टाका.

आणि आपल्या भागातला सर्वांत मोठा खड्डा: खर्रा. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तंबाखू खाणारे २४.४ टक्के. त्यामुळे सिगारेट सोडली की खर्रा हातात द्यायला दहा जण तयार असतात. "धूर तर नाही ना" हे तिथे चालत नाही. खर्ऱ्यातली तंबाखू आणि सुपारी दोन्ही तोंडाचा कर्करोग करतात, सुपारीने तोंड उघडेनासे होते. सिगारेटची जागा खर्ऱ्याने घेऊ देऊ नका.

ज्यांनी वेप आधीच घेतली आहे आणि तिच्यावर सिगारेट पूर्ण बंद आहे, त्यांनी हे वाचून घाबरून पुन्हा सिगारेट पेटवू नये. वेप सोडायची आहे, पण धुराकडे परत जाऊन नव्हे. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, निकोटीन टप्प्याटप्प्याने उतरवता येते. एकदा सोडून पुन्हा सुरू झाली असेल तरी या. सोडणाऱ्यांपैकी बहुतेकांना एकापेक्षा जास्त वेळा प्रयत्न करावा लागतो.

कोणती वेप घेऊ, हे विचारायला आलात तरी स्वागत आहे. फक्त येताना एक तारीख ठरवून या. बाकीचे आपण बसून ठरवू.