एका दिवसाची मजुरी

२०१८ च्या नोव्हेंबरात राज्यभर गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. ९ महिन्यांपासून १५ वर्षांखालील प्रत्येक मुलाला एक डोस, तोही मोफत; शाळेतल्या मुलांना शाळेतच. खंडाळ्यातल्या आमच्या उर्दू शाळेतून मी पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या. बऱ्याच कोऱ्या परत आल्या. या सुईने पुढे मुलं होत नाहीत, अशी अफवा मोबाईलवर फिरत होती.

दुसरीतल्या एका मुलीची अम्मी शाळेत आली. शिरवळला कारखान्यात ती कंत्राटावर कामाला जायची. मी तिला अफवेबद्दल समजावू लागले, तर ती म्हणाली, "आपा, वो सब झूट है, मालूम है मेरेकू. पर सुई के बाद बुखार आया तो घर पे कौन बैठेगा? एक खाडा हुआ तो उस दिन की रोजी गई."

मी गप्प झाले. मी तिला अडाणी समजून बोलत होते. आदल्याच वर्षी माझ्या मुलाला न्यूमोनियाची लस मी पुण्यात खासगी दवाखान्यात दिली होती. एकेका डोसला हजारो रुपये मोजले. ती लस आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मोफत मिळू लागली २०२१ मध्ये. मुलाला ताप आला तेव्हा मी रजा टाकली. माझी रजा पगारी होती.

लसीवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे १६ डॉलर वाचतात, असा ९४ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांचा हिशेब अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडला. त्यात आजारी मुलापाशी बसणाऱ्या आईची बुडालेली मजुरीही धरली आहे. पण हा फायदा उद्याचा; त्या बाईचा खाडा आजचा. २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने लेकरं दगावली. दाटीवाटीची वस्ती, कुपोषण, कोरोनाकाळात चुकलेले डोस. आणि जगभरच्या गरीब देशांना गोवराची लस पुरवणारी सीरम इन्स्टिट्यूट पुण्यातच, घाटाच्या अलीकडे-पलीकडे म्हणावी इतकी जवळ!

मी तिला म्हटलं, "बुखार आया तो मेरे घर छोड दे." तिने सही केली. आठव्या दिवशी पोरीचं अंग थोडं तापलं. शाळा सुटेपर्यंत ती माझ्या सासूबाईंजवळ झोपून राहिली.

बाकीच्या कोऱ्या चिठ्ठ्या मी 'अफवेमुळे नकार' असं लिहून पुढे पाठवल्या होत्या. त्यातल्या किती घरांत अडचण खाड्याची होती, हे विचारायला मी गेले नाही. आता नवीन वर्गाच्या पालकांशी बोलताना मी पहिला प्रश्न तोच विचारते.