महानोरांची पारो

३ ऑगस्ट २०२३ ला ना. धों. महानोर गेले. दुपारपर्यंत आमच्या ऑफिस ग्रुपवर 'जैत रे जैत'च्या गाण्यांच्या लिंक्स फिरायला लागल्या. त्यातच एका कलीगचा प्रश्न : "प्रेमावर एवढं लिहिलंय, म्हणजे नक्की कुणीतरी सोडून गेली असणार. कोण होती रे?"

प्रश्न अगदी आपल्या टाईपचा. कवी म्हटला की ब्रेकअप हवाच, नाहीतर आपल्याला कविता पटत नाही :)

आता ह्या माणसाचा बायोडेटा बघा. जन्म १९४२, गाव पळसखेडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ. शिकायला जळगावला गेले आणि कॉलेज अर्धवट सोडून परत शेतात. १९६७ ला 'रानातल्या कविता' आल्या आणि लोकांनी त्यांना रानकवी करून टाकलं. पुढे विधान परिषद, सिनेमाची गाणी, १९९१ ला पद्मश्री, २००० ला 'पानझड'साठी साहित्य अकादमी. ह्यात ब्रेकअप कुठे बसवणार?

पण हरवलेलं प्रेम त्यांच्याकडे आहे. फक्त ते त्यांचं स्वतःचं नाही, शेजारचं आहे.

मेजर रॉबर्ट गिल. मद्रास आर्मीतला इंग्रज अधिकारी. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला कंपनी सरकारने १८४४ मध्ये त्याची नेमणूक केली. लग्न-बिग्न काय ते आधीच झालेलं होतं. इथे अजिंठा गावात राहून, अंधाऱ्या लेण्यांत बसून वर्षानुवर्षं तो रंगवत राहिला. आणि इथेच त्याला पारो भेटली, तिथलीच एक मुलगी. २३ मे १८५६ ला ती गेली. गिलने तिचं थडगं बांधलं, त्यावर तिचं नाव आणि तारीख कोरली. त्या काळात गोऱ्या अधिकाऱ्याने 'नेटिव्ह' बाईचं नाव असं उघड दगडावर कोरणं, ही मला त्याच्या सगळ्या चित्रांपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

चित्रांचं काय झालं ते ऐका. बरीचशी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, १८६६ च्या आगीत जळाली. वीसेक वर्षांची मेहनत, बॅकअप नाही. थडगं मात्र राहिलं.

ह्याच दोघांवर महानोरांनी 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिलं. मला विचाराल तर ते हे लिहू शकले, कारण गिल त्यांना परका नव्हता आणि पारो तर नव्हतीच. ती त्याच रानातली. इतिहासात तिची बाजू जवळजवळ नाहीच. ती काय म्हणाली, तिला हा साहेब कसा वाटला, काही लिहून ठेवलेलं नाही. आपण मुंबईवाल्यांनी लिहिलं असतं तर साहेबाची ट्रॅजेडी झाली असती. शेतकऱ्याने लिहिलं म्हणून पारोच्या पायाखालची जमीन, तिथला पाऊस, तिथली झाडं गोष्टीत आली.

ह्यावर २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाईंनी 'अजिंठा' सिनेमा काढला, गाणी महानोरांचीच. मी राहतो जांभूळला, अंबरनाथ-बदलापूरच्या मध्ये. इथून कर्जत लोकल पकडली की शेवटचं स्टेशन देसाईंच्या स्टुडिओचं. महानोरांच्या आदल्याच दिवशी, २ ऑगस्टला, तिथे देसाई गेले. काव्य लिहिणारा आणि पडद्यावर आणणारा, दोघे चोवीस-तीस तासांच्या अंतराने. त्या आठवड्यात कर्जतची अनाउन्समेंट ऐकली की कसंसंच व्हायचं.

असो. कलीगला एवढं सगळं टाईप करून पाठवलं. त्याचा रिप्लाय : "म्हणजे स्वतःची कोणी नव्हतीच?" काय बोलणार!

गिल १८७९ ला वारला. त्याची कबर भुसावळला आहे, पारोची अजिंठा गावात. लेणी बघायला जाल तेव्हा एक लक्षात ठेवा, गाव लेण्यांपासून वेगळं आहे आणि टूरवाले तिथे थांबत नाहीत. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायला लागतं.