सोळा तासांचे अंतर

आपल्या शाळेच्या कपाटावर एक जुना पृथ्वीगोल असे. आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी त्यावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून दाखविला. भिंतीवरच्या नकाशात ही वाट सरळ पश्चिमेला जावी असे वाटते. दोरा मात्र उत्तरेकडे वळून स्वीडन, आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून गेला. अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० किलोमीटर वेगाने १४ तासांचा हिशेब आम्ही मांडला. सर म्हणाले, "बाबासाहेब १९१३ साली याच शहरी बोटीने गेले. त्यांना कित्येक आठवडे लागले."

तेव्हा माझे आईबाबा धारूर तालुक्यातून तीनेकशे किलोमीटरवरील कारखान्यावर ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीला ट्रकमध्ये संसार भरला जाई आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चैत्राच्या सुमारास, त्यांची भेट होई. मी वसतिगृहात राहिलो म्हणूनच माझ्या हाती कोयता आला नाही.

पुढे राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला जाण्याचा योग आला. आईने विचारले, "लई लांब हाय का रं?" मी म्हणालो, "सोळा तास, आई." ती हसली. "मग कारखान्यापरीस जवळच की! तिथनं यायला आमाला सा महिने लागत्यात."

विमान मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास निघाले. आकाशात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात; त्यामुळे जाताना वेळ अधिक लागतो, येताना कमी. न्यूयॉर्कला उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. प्रवास साडेसोळा तासांचा. घड्याळाच्या हिशेबी मात्र सातच! कोलंबिया विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यासमोर उभा राहिलो, तेव्हा सरांचा दोरा आठवला.

त्याच हिवाळ्यात बाबा उसाच्या फडात कोसळले. मुकादमाची उचल फिटायची होती, म्हणून ते त्या वर्षीही गेले होते. आई त्यांना घेऊन रातोरात गावी पोहोचली. मला मात्र तिकिटाचे पैसे जमवायला आणि जागा मिळायला दोन दिवस लागले. त्यानंतर विमान, मुंबई, मग रात्रभराची एस.टी. अंत्यसंस्कार होऊन गेले होते. पुण्यानुमोदनाला तेवढा पोहोचलो. त्या दिवशी कारखाना जवळ होता आणि न्यूयॉर्क फार दूर.

विमानाचे तास तिकिटावर छापलेले असतात. माणसांमधील अंतर त्यांत मावत नाही. हाक आल्यावर परत फिरता येते की नाही, यावर ते ठरते. आजही आपल्या वसतिगृहात काही मुले दिवाळीनंतर कारखान्याच्या दिशेने गेलेल्या रस्त्याकडे पाहत असतील. माजी विद्यार्थी बंधु-भगिनींना विनंती एवढीच, की त्या सहा महिन्यांत एक रविवार शाळेत यावे. मुलांशी बोलावे, त्यांच्या आईबाबांना फोन लावून द्यावा. पृथ्वीगोल अजून कपाटावर असेल, तर दोराही ताणून दाखवावा.

सर्वांना सविनय जयभीम.